देवाला विचारलेलं कॉलेज

— आन् म्हनून म्या म्हनलं, वकील घरचाच पायजे. भाड्याचा बैल वल्या खाचरात पाय घालत न्हाई आन् भाड्याचा वकील मुद्द्याला हात घालत न्हाई. बसा की बाई, घोंगडीवर बसा, दगड टोचंल — पुन्याची मानसं तुमी, आमच्या भामीबरूबर बीएला व्हता म्हनल्यावर आमाला लेकीवानीच. सगुनाबाई ना नाव? हां. सकाळी भामीनं सांगितलं, काका, माझी मैत्रीन यायची हाय, तिचे वडील पुन्यात मोठं वकील हायती. तवाच म्या ठरवलं, ह्या बाईंच्या कानावर समदं घालायचं. कसंय, आमचं बोलनं खेडवळ, कालेजातल्या त्या कारकुनाला कळलं न्हाई. तुमच्या वडलांनी दोन शब्द टाकलं की कळंल. त्यो बगा तिकडं कडंला झोपलाय, त्यो आमचा पोरगा, बाजी. त्याच्याच वकिलीचं चाललंय. झोपू द्या. दुपारचं त्याला उठवलं तर डोकं धरतं त्याचं. अभ्यासाचं डोकं हाय.

तर कालेज. तुमी इचारलं म्हनून सांगतो, न्हाईतर ह्या चिमाजीच्या घरातली गोष्ट भाईर जायची न्हाई, उत्रोलीत कुनालाबी इचारा. आमचा भाऊबंद सोनबा, त्याचं खाचर आमच्या खाचराला लागून. मधी बांध. त्यो म्हनतो बांध तुमी सरकवला, आमी म्हनतो तू. भोरच्या कोर्टात दावा चाललाय, माझ्या बापाच्या टायमापासनं. मुन्सफ बदललं, बांधावरचं झाड वाळलं, दावा हिरवागार. म्हनून एक वकील घरात तयार करायचा. आता वकील कुठं तयार हुत्यात? लॉ कालेजात. आन् लॉ कालेजं हायती तीन — पुन्याला एक, कोल्हापूरला एक, मुंबईला एक. मुंबई म्या आदीच काढून टाकली. तिकडं गेलेलं मानूस दिवाळीला येतं, शिरगेट वढतं आन् आपल्याला म्हातारं म्हनतं. ऱ्हायली दोन.

मंग म्या सोता पुन्याला गेलो. बघायला नगं व्हय? आमी भोरच्या बाजारात खोंड घेतो तर दात बगतो, खूर बगतो, शेपटी पिरगाळून बगतो, आन् पोराला कालेजात घालायचं ते काय कुनी सांगितलं म्हनून? टेकडीच्या पायथ्याला हाय ते कालेज. इमारत झ्याक. आवार तर काय, आमच्या गावचं गुरं चरून वर उरंल. पन खिडकीतनं आत बघितलं आन् मन उतरलं, बाई. मास्तर हळूऽ बोलतोय, जसं काय घरात कोन आजारी हाय. आन् पोरं समदी खाली माना घालून लिवत्यात. आता तुमीच सांगा, जो वकील खाली मान घालून लिवतो त्यो साक्षीदाराच्या डोळ्यात डोळा कवा घालनार? वकिलाला नरडं पायजे. आमच्या बाजीचं नरडं ऐका एकदा — टेकावरनं हाक मारली तर नदीपल्याडची म्हस वळती.

कारकुनाला इचारलं म्या, म्हनलं, रावसायेब, तुमच्या हितनं शिकून गेलेल्यांनी बांधाचं दावं किती जिकलं? तर त्यो माझ्या तोंडाकडं बघाया लागला. म्हनला, आमी जिकायला शिकवत न्हाई, कायदा शिकवतो. म्हनलं, मंग एवढी इमारत कशापायी बांधली? हसला. बरं, हसला तर हसला. मंग इचारतो, मुलगा बीए झालाय का? म्या म्हनलं, घरात बीए हाय.

का हो? तुमीबी तशाच बघाय लागला. त्यानंबी असंच बघितलं. आवो, न्हाई कुठं? भामी बीए हाय का न्हाई? भामी कुनाची? माझ्या थोरल्या भावाची, कोंडिबाची. कोंडिबा पुन्यात छापखान्यात व्हता, तिकडंच त्यानं पोरीला शिकवलं, गेल्या साली वारला, पोर आमच्याकडं आली. आमी भाऊभाऊ एकत्र, वाटनी झालेली न्हाई — आजबी न्हाई. मंग एकत्र घरात कुनी काय मिळवलं तर ते घरचं का त्याचं? घरचं. कर्ता कोन? म्या. खाचर घरचं, इहीर घरची, म्हशीचं दूध घरचं, आन् बीए तेवढी एकटीची व्हय? कुठला कायदा ह्यो? मला सांगा, वडलांना इचारून सांगा. म्या त्या कारकुनाला हेच म्हनलं, की बाबा, बीए घरात पडून हाय, पोरगी चुलीम्होरं बसून तिचं काय करनार, ती बाजीच्या नावावर चढवून घ्या. फेरफार करतात तसा. तर म्हनतो, ज्यानं परीक्षा दिली त्यालाच पाठवा. लई ताठ. हितंच तुमच्या वडलांचा शब्द लागनार.

बाजी किती शिकलाय? शिकलाय की. इंग्रजी चौथी. म्हंजी चौथीत बसला. दुसऱ्या साली परत बसला. मास्तर म्हनला, आता नका बसवू — पन त्याचं असं हाय बाई, एकदा बसला की बसला, उठायचा न्हाई. वकिलात ह्यो गुन लागतोच. म्होरल्यानं कितीबी बोलू द्या, आपन जागचं हलायचं न्हाई.

भामीला का न्हाई? कुनाला, भामीला? लॉ कालेजात? थट्टा करता व्हय बाई. तिनं इचारलं व्हतं तसं. आल्या-आल्याच म्हनली, काका, मला वकिली शिकायची हाय, बाबांनी सांगून ठिवलंय. म्या म्हनलं, पोरी, बाबा गेला, त्याचं सांगनं त्याच्याबरूबर गेलं. आता असं बगा, अक्कल हाय तिला, म्या न्हाई म्हनत न्हाई. माझ्या समद्या अर्ज्या तीच लिवती. कोर्टातला कारकून म्हनतो, पाटील, आता तुमचं म्हननं समजाया लागलं. पन अकलीचाबी एक बेत असतो का न्हाई? तिला म्या एक डाव दाव्याचं कागद वाचाया दिलं. नकाशा, जुनी मोजनी, समदं. वाचलं. आन् ह्या हितं, तुमी बसलाय तिथंच बसून, म्हनती कशी — काका, बांध आपनच सरकवलाय. आज्ज्यानं. सोनबाकाकाचं बराबर हाय, त्यांचं त्यांना देऊन टाका आन् दावा काढून घ्या.

ऐकलं? माझ्याच घोंगडीवर बसून. आता असला वकील घरात असल्यावर भाईर दुस्मन कशाला पायजे? म्या म्हनलं, भामे, आज्ज्यानं सरकवला तर सरकवला, आज्जा काय तुज्यासारखा शिकलेला व्हता? तर म्हनती, बांध सरकवाया शिक्षन लागत न्हाई. तोंड बगा. म्हनून म्हनतो, बायकांना कायदा शिकवू न्हाई, त्यास्नी त्यो खराच वाटतो.

च्या आला बगा. घे, भामे, म्होरं ठिव. पदर घे नीट. आन् जा आत, आमी मोठी मानसं बोलतोय. — बरूबरीच्या हायसा म्हनं तुमी दोघी. असाल. दिसत न्हाई. तुमी म्हंजी कसं, ऐकून घेता. मघाधरनं म्या बोलतोय आन् तुमी मधी तोंड घातलं न्हाई. तसं पायजे. भामीला सांगा जरा.

हां, तर पुनं का कोल्हापूर, ह्ये काय माझं ठरंना. रतन, आमची मंडळी, म्हनली, एवढं कोडं पडलंय तर देवाला इचारा. म्हनलं ठीक. आमच्यात कौल लावत्यात — तुमाला ठावं नसंल. भैरोबाच्या मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवायच्या, पान्यानं भिजवून, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मनातलं बोलायचं आन् हात जोडून हुबं ऱ्हायचं. जी आदी पडंल त्यो देवाचा जबाब. पेरनी, सोयरीक, इहीर कुठं खनायची, समदं इचारतो आमी. मंग कालेजच का सोडायचं? म्हादू गुरवाला म्हनलं, लाव. उजवी पाकळी पुन्याची, डावी कोल्हापूरची. रविवार व्हता, गाव जमलेलं. सोनबाबी व्हता खांबाला टेकून.

आता कौलाची रीत अशी, की ज्याच्यापायी इचारायचं त्यानं देवाम्होरं हुबं ऱ्हायाचं, आंघोळ करून, ओलेत्यानं. बाजीला आदल्या दिशीच सांगून ठिवलेलं. पन त्यो गेला भोरला, तालमीत, आन् तिकडनं कुठं गेला त्याचं त्याला ठावं. म्हादू म्हनला, पाटील, मानूस कुठाय? म्या म्हनलं, लाव रे तू, घरचंच काम हाय, घरचं कोन तरी हुबं ऱ्हाईल. भामी निवदाचं ताट घिऊन आलेली, न्हाऊन, ओल्या केसांनी. म्हनलं, भामे, ऱ्हा हुबी तिथं. जागा भरायला, दुसरं काय. रानात बुजगावनं लावतो तसं.

पाकळी लावली आन् म्हादूनं हात काढायच्या आत उजवी पडली. टप. म्या म्हनलं, भले — पुनं. देवानं पुनं दिलं. नारळ फोडाया उचलला तर म्हादू म्हनतो, पाटील, कौल पोरीचा हाय.

म्हनलं, कुन्या पोरीचा?

म्हनला, जी हुबी हाय तिचा. रीत हाय. म्होरं हुबं त्याचा कौल. देवानं सांगितलंय, भामाला पुन्याला घाला.

समद्या गावाम्होरं. त्यो सोनबा खांबाला टेकल्या-टेकल्या हसाया लागला, म्हनला, आता आमालाबी वकील व्हईल की पाटील, पोर खरं बोलती म्हनं. आन् ही भामी — लाज वाटायची सोडून — देवाच्या पाया पडली. आवो, माझ्या पाया पडायचं सोडून.

म्या काय गप बसनारा हाय? दुसऱ्या दिशी तांबडं फुटायच्या आत बाजीला दंडाला धरून देवळात नेला. म्हादू येतच नव्हता. म्हनं देवाला एक गोष्ट दोनदा इचारू न्हाई, राग येतो. म्या म्हनलं, दोनदा कुठं, काल पुनं का कोल्हापूर इचारलं, आज बाजी का भामी इचारतो, येगळा सवाल हाय. कोर्टात असंच करत्यात, तुमच्या वडलांना इचारा. उजवी पाकळी बाजीची, डावी भामीची. बाजीला म्होरं हुबा केला. हुबा म्हंजी, टेकून. लावल्या पाकळ्या. आन् वाट बगतोय, बगतोय. एक पडंना. दिस वर आला. बाजी खाली बसला, मंग आडवा झाला. मला वाटलं, पडंल, बाजीचीच पडंल, दुसरी पडायचा सवालच नव्हता.

आन् मुंग्या आल्या, बाई. कुठनं आल्या देवाला म्हायती. पायाकडनं निघाल्या, रांग लावून, मांडीवरनं, हातावरनं, तडक त्या डाव्या पाकळीला. बाजीच्या पाकळीकडं एक वळंल तर शपत. घोळक्यानं लागल्या, आन् गेली की ती भामीची पाकळी, सुटली, मुंग्यांसकट खाली. बाजीची जागच्या जागी. म्हादूनं बोट लावलं डाव्या अंगाला आन् चाटलं. म्हनला, पाटील, गूळ हाय ह्यो.

आता माझ्याकडं काय बगता? लागला असंल. निवदाचा हात व्हता कुनाचा तरी. सकाळच्या पारी गाभाऱ्यात दिसतंय कुठं, कशाला हात लागतोय — म्हंजी म्हादूचा. त्याचाच लागला असंल. आन् समजा लागला गूळ, तर गुळानं पाकळी घट्ट बसती, पडत न्हाई, म्हंजी ज्यानं लावला त्यानं देवाला जरा इचार कराया सवड दिली, एवढंच. पन मुंग्यांनी घोटाळा केला. गावात बोंब झाली, भैरोबानं दोनदा सांगितलं, एकदा सोता आन् एकदा मुंग्या धाडून. आता पानवठ्यावर बायका इचारत्यात, भामी कवा निघनार? जशी काय वरात निघनार हाय. आमची रतनबी. आमची रतन, जिनं लग्नापासनं माझ्याम्होरं मान वर केली न्हाई, ती भाकरी वाढता-वाढता म्हनती, देवाचं मोडू न्हाई. म्या म्हनलं, देव म्हातारा झालाय, त्याला वकिलीतलं काय कळतंय.

तवा म्या बीएचा कागदच ट्रंकेत घातला. किल्ली हितं, करदोट्याला. कागद न्हाई तर कालेज घेत न्हाई, ते कारकुनानंच सांगितलं व्हतं, तेवढं एक बेस झालं. आन् कालेज उघडतंय सोमवारी. सोमवार गेला की साल गेलं. साल कशाला, बेस्तरवारी सुपारी फुटली की जन्म गेला. म्हंजी — मार्गाला लागली.

काय म्हनता? कागद बघायचाय? बघायचाय म्हंजी, वडलांना सांगायला? तसं म्हना की. थांबा, आनतो. म्या म्हनतच व्हतो, कागद बघितल्याबिगर मोठ्या मानसानं शब्द कसा टाकायचा...

...ह्यो बगा. हात पुसा आदी, च्याचा हात लागंल. काय झ्याक कागद हाय. शिक्का बगा. वर इंग्रजी, आन् ह्ये मधलं भामीचं नाव. ह्येच काय ते खाडाखोड करून बाजीचं घालता आलं असतं, पन म्हनलं नगं, कायद्यानं जावं. वाचताय? वाचा, वाचा. आवो, डोळ्यात पानी कशाचं? चुलीचा धूर हितवर येतोय व्हय? भामे, ए भामे, च्याचं ताट न्ये, बाईंचा कप तेवढा ऱ्हाऊ दे, आन् धूर बग.

हां, न्ये ते. — कागद ताटात ठिवला व्हय? न्हाई, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, आत ठिवंल ती, ट्रंक उघडीच हाय. वळख हाय तिला कागदाची, तिचाच हाय. नीट ठिव गं. आन् असं काय बगतीस माझ्याकडं? जा.

तर सुपारीचं सांगत व्हतो. शिवऱ्याचा रखमाजी, सडकंला त्याची पेंड-मिठाची वखार हाय. बायको वारली. दोन पोरं. वय काय लई न्हाई, माझ्याच जोडीचा, पन हाडानं मजबूत. भामीला तिथं काय कमी न्हाई, दिसभर सडकंची गंमत बगंल. आन् बाई, रखमाजी आमच्या दाव्यात साक्ष द्यायला तयार हाय. बांध त्यानं ल्हानपनी हाय त्या जागीच बघितलाय, असं शपतंवर सांगतो म्हनला. आता त्यो ल्हानपनी उत्रोलीत कवा आला व्हता ते इचारू नका, कोर्ट इचारंल तवा बगू. पोरगी बीए झाली, शेवट घराच्या कामी आली का न्हाई? रखमाजी तर म्हनला, मला शिकलेलीच पायजे, वखारीच्या दारात हुबी केली तर गिऱ्हाइकावर वजन पडतं.

काय? तिला इचारलं का? कुनाला? — आवो बाई, खोंड इकताना खोंडाला इचारतात व्हय. ...न्हाई, तसं न्हाई म्हनायचं मला. चांगल्या अर्थानं.

मोटार आली वाटतं. पुन्याची. भोरवरनं ह्या टायमाला निघती. तुमाला जायाचं न्हाई न्हवं हिनं? बसा की मंग, निवांत. ही मोटार आमच्या गावाला कवा थांबतबी न्हाई. डायवर मोठा गुर्मीचा हाय, वडाखाली कोन हुबं दिसलं तरच थांबवतो, न्हाईतर धुरळा उडवून सरळ...

थांबली.

कोन आलं? उतरलं कोन? हितनं काय दिसत न्हाई, गोठा आडवा येतो. — भामे. ए भामे, बग गं जरा वडाखाली कोन आलंय. ...भामे. ...आगं ऐकलं का, रतन. कुठं गेल्यात समद्या? चूल तर कवाची इझलीया. धूर कसला मंग मघाशी?

निघाली मोटार. कुनीतरी चढलं म्हनायचं. — भामे!

बाजी. ए बाजी, ऊठ. पळ, मोटार आडव. वळनावर धीमी हुती, आडवा हो तिला. हाक मार, नरडं हाय न्हवं तुजं. बाजी. ऊठ की लेका. ...कूस काय बदलतोस.

ती रतन येतीया. वडाकडनं. कशी सावकाश चाललीया बगा, जशी काय देवळातनं आली. हातात च्याचं ताट. ...रिकामं.

तुमी... तुमी कवाधरनं मला बोलत ठिवलं व्हतं, बाई? च्या तर तसाच हाय तुमचा, साय धरलीया त्याच्यावर.

उठा. न्हाई, काय सांगू नका आता. उठा, मला गड्यांना बगायचंय रानात. तुमची मोटार? येती आनिक एक, दिवेलागनीच्या आदी. थांबंल की. हुबं ऱ्हायलं की थांबती ती.